‘आवाज तुटतोय’ हे मराठी आहे का?

प्रश्न असा आला आहे : ‘फोनवर हल्ली जो तो “तुझा आवाज तुटतोय” म्हणतो. आवाज म्हणजे काय दोरी आहे तुटायला? हे हिंदीवरून आलंय का? “आवाज खंडित होतोय” म्हणणं जास्त बरोबर नाही का?’

‘खंडित’ची काही गरज नाही. ‘तुटणे’ मराठीत दोरीपुरतं कधीच नव्हतं. नातं तुटतं, बोलण्याचा धागा तुटतो, रागावलेला माणूस तुटक बोलतो. हिंदीचा वास येतो तो ‘कटतोय’ला. ‘तुटतोय’ आपलं आहे, आणि फोनमध्ये प्रत्यक्ष जे घडतं ते या शब्दाने नेमकं सांगितलं जातं, म्हणून मला तो फार आवडतो.

पूर्वी तुटायची ती लाइन. ट्रंक कॉल मध्येच तुटला की बोलणं संपलं. लाइन शाबूत असेल तर आवाज तारेतून सलग यायचा. बिघडलाच तर खरखरायचा, बारीक व्हायचा, पण तुटत नव्हता. इंटरनेटवरून जाणारा आवाज निघतानाच तुकडे होऊन निघतो. एक तुकडा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक तुकडा वेगळ्या पॅकेटात, त्यावर पत्ता आणि अनुक्रमांक. (इथे मी ‘पाकीट’च म्हणेन. पुडक्यावर पत्ता असेलच असं नाही, टपालाच्या पाकिटावर असतोच.) व्हॉट्सॲपचं सोडा, ४जीवर व्होल्टेने (४जीच्या डेटा-जाळ्यातूनच आवाज नेणाऱ्या पद्धतीने) लावलेला साधा फोनही असाच पाकिटांतून जातो.

पाकिटं मागेपुढे पोचतात. पलीकडचा फोन ती क्षणभर थोपवून धरतो, क्रमाने लावतो आणि मग ऐकवतो. फोटोचं एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवता येतं. बोलण्यात तेवढी सवड नसते. आवाज तोंडातून कानापर्यंत दीडशे मिलिसेकंदांत पोचला तर गप्पा सहज चालतात, फार उशीर झाला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. त्यामुळे गहाळ पाकीट बहुधा सोडूनच दिलं जातं. एखादंच गेलं तर फोन आधीचा आवाज किंचित लांबवून भोक बुजवतो आणि कानाला पत्ता लागत नाही. पण एक अक्षर उच्चारायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. लागोपाठ आठ-दहा पाकिटं गेली की अख्खं अक्षर गेलं. आपण ओरडतो, ‘तुटतोय!’

मराठीत हे जरा जास्तच महागात पडतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी बसतो. माझ्या मावशीने मागे फोनवर सांगितलं, ‘मी उद्या येणार नाही.’ मला ऐकू आलं, ‘मी उद्या येणार.’ वाक्य इतकं पुरं वाटलं की काही तुटलंय अशी शंकाही आली नाही. सकाळी सहाला मी स्टँडवर उभा. तेव्हापासून मावशी फोनवर ‘नाही, नाही येणार मी’ असं नकारापासून सुरू करते. व्याकरणाला ते चालतं आणि नेटवर्कलाही.

बाकीचे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘फाटतोय’ म्हणजे आवाज माइकला झेपेल त्यापेक्षा मोठा झालाय, तार सप्तकात गाणाऱ्याचा फाटतो तसा. तिथे फोन तोंडापासून लांब धरा. ‘घुमतोय’ म्हणजे आपलंच बोलणं पलीकडच्या स्पीकरमधून त्याच्या माइकात शिरून परत येतंय. त्याला इअरफोन लावायला सांगा. ‘तुटतोय’ला यातला कुठलाच उपाय चालत नाही, तिथे खिडकीशी जायचं किंवा वायफाय बदलायचं. आणि ‘कट झाला’ हा शब्द अख्खा फोन बंद पडला त्यासाठी राहू द्या. तो आता घरोघरी रुळलाय, त्याला हाकलायचं कारण मला दिसत नाही.