कम्युनिटी रेडिओचे नियम 2024 मध्ये बदलले, आता जाहिरातींवर तालुक्याचं स्टेशन चालेल का?

तुम्ही विचारलंय की संस्था चार वर्षांपूर्वी नोंदवलेली आहे, तालुक्यात कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठी ना-नफा संस्थेने चालवलेलं छोटं एफएम स्टेशन, काढायचाय, आणि ‘आता तासाला 12 मिनिटं जाहिराती चालतात, खर्च आरामात निघेल’ असं कुणीतरी सांगितलंय. हे कितपत खरं?

12 मिनिटं खरी आहेत. आरामात निघण्याचं मात्र विसरा.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने 13 फेब्रुवारी 2024 ला, जागतिक रेडिओ दिनी, सुधारित धोरण जाहीर केलं. आधी तासाला 7 मिनिटं जाहिराती आणि 10 सेकंदांना 52 रुपये होते, आता 12 मिनिटं आणि 74 रुपये झाले. गुणाकार केला की डोळे दिपतात: तासात 10 सेकंदांचे 72 तुकडे, म्हणजे 5,328 रुपये. जुन्या हिशेबाने हेच 2,184 होत होते. पण हा 74 चा दर सरकारी जाहिरातींचा आहे, आणि सरकारी मोहिमा येतात तेव्हा येतात. तुमच्या बाजारपेठेतला कृषी सेवा केंद्रवाला किंवा क्लासवाला तासाला 72 तुकडे विकत घेणार नाही. अंदाजपत्रक तासाला दोन मिनिटं धरून करा. त्यात विजेचं बिल आणि दोन माणसांचा पगार बसत नसेल, तर बाकीची तरतूद आधी करा, अर्ज मागाहून. शिवाय जाहिरातींचा पैसा आधी स्टेशनच्याच खर्चाला लावायचा असतो, आणि खाजगी कंपनीने प्रायोजित केलेला कार्यक्रम चालत नाही.

माझ्या मते खरा बदल वेगळाच आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इरादापत्राला, म्हणजे अंतिम परवानगीआधी मंत्रालय देतं त्या प्राथमिक मंजुरीच्या पत्राला, आता एक वर्षाचीच मुदत आहे. अडचण आली तर वर तीन महिने. अर्जापासूनची सगळी प्रक्रिया चार वर्षांत संपवायची.

क्रम असा. मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा. संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत हवी, तुमची आहे. नफ्यासाठी चालणारी संस्था, राजकीय पक्ष आणि त्याच्या शाखा, तसंच एकटी व्यक्ती यांना परवानगी मिळत नाही. छाननी आणि मंत्रालयांच्या मंजुऱ्या झाल्या की इरादापत्र येतं आणि घड्याळ सुरू होतं. मग दूरसंचार विभागाकडे फ्रिक्वेन्सी आणि जागेची मंजुरी, जिला सगळे ‘साकफा’ म्हणतात. ती मिळाल्यावर मंत्रालयाशी परवानगी करार, म्हणजे ‘गोपा’, आणि त्याच्या आधारावर वायरलेस चालवण्याचा परवाना. हा करार पूर्वी 5 वर्षांचा असे, आता सुरुवातीलाच 10 वर्षांचा होतो.

गाडी अडते ती बहुतेक साकफाला. अर्जात टॉवरच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची द्यावी लागते. लोक तहसील कचेरीचा किंवा गावाच्या मधल्या चौकाचा आकडा टाकतात आणि टॉवर उभारतात संस्थेच्या गच्चीवर. ज्या गच्चीवर मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, येणार तिथेच उभं राहून आकडा घ्या. उंची जमिनीपासून मोजतात, गच्चीपासून नाही: किमान 15 मीटर, कमाल 30 मीटर. इमारत 9 मीटर असेल तर मास्ट जास्तीत जास्त 21 मीटर. जागा नंतर बदलली की हीच मंजुरी पुन्हा घ्यावी लागते, म्हणून 11 महिन्यांच्या भाडेकरारावर टॉवर कधीच उभारू नका. संस्थेची स्वतःची जागा नसेल तर 10 वर्षांचा नोंदणीकृत करार करा. परवाना हातात येण्यापूर्वी ट्रान्समीटरही घेऊ नका.

धोरणात 100 वॉटची मर्यादा आहे, ती ट्रान्समीटरच्या डब्यावरच्या आकड्याची नाही, अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रभावी शक्तीची. साधारण 50 वॉटचा ट्रान्समीटर पुरतो. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत 30 मीटर अर्धा इंची फोम फीडर, म्हणजे जाड केबल, टाकला तर वर चाळीसच्या पुढे वॉट पोहोचतात आणि दोन-बे अँटेना, म्हणजे एकावर एक दोन भाग असलेली, लहरी आडव्या दिशेला एकवटून त्याचे प्रभावी ऐंशीच्या आसपास करून देते. तिथेच कुणी पैसे वाचवायला बारीक आरजी-58 केबल टाकली, तर त्याच 30 मीटरमध्ये 50 चे वीसही उरत नाहीत, आणि मग ‘शेजारच्या गावात ऐकू येत नाही’ म्हणून बोंब सुरू होते. अँटेनाकडून परत येणारी शक्ती ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसते, ती रोज सकाळी वहीत लिहा: 50 वॉट जात असताना ती 2 वॉटच्या आत हवी. पावसाळ्यात ती चढायला लागली तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय असं समजा. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, ताणून गुंडाळा, आणि केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. वीजरोधक आणि स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा यांत काटकसर नको.

बातम्यांबाबत बहुतेक जण घसरतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत, बोलीत भाषांतर करून देता येतात, म्हणजे अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीतही. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, स्थानिक खेळ, जत्रा, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना यांना बातमी धरत नाहीत. ‘उद्या 11 ते 3 वीज बंद राहील’ हे चालतं. ‘वीज नाही म्हणून गावकऱ्यांनी कार्यालयाला टाळं ठोकलं’ ही झाली बातमी. ग्रामपंचायत निवडणुकीत मतदान कसं करायचं ते सांगा, उमेदवाराची मुलाखत घेऊ नका, मग तो संस्थेचा अध्यक्ष का असेना. अशा चुकीला प्रसारण काही काळ बंद ठेवण्यापासून परवानगी जाण्यापर्यंत शिक्षा आहे.

निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले हवेत. स्टेशनच्या सल्लागार आणि आशय (कार्यक्रम ठरवणाऱ्या) समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, हेही 2024 चंच. अध्यक्षांच्या सौभाग्यवती आणि सूनबाई यांची नावं कागदावर घालून जागा भरू नका. बचतगटाच्या बायका, आशाताई, अंगणवाडीताई घ्या, ओव्या आणि पाककृतींपासून पीककर्जाच्या चौकशीपर्यंतचे विषय त्याच आणतात. गाणारीकडून रेकॉर्डिंगच्या आधीच लेखी संमती घ्या. सिनेमाची गाणी लावायची तर हक्कधारकांची रॉयल्टी अंदाजपत्रकात धरा, ‘आम्ही ना-नफा आहोत’ म्हणून ती माफ होत नाही.

प्रसारित झालेला प्रत्येक मिनिट तीन महिने जपून ठेवायचा असतो. त्यासाठी ट्रान्समीटरच्या आत जाणारा आवाज टेपू नका, रेडिओ संच लावून हवेतून आलेला आवाज वेगळ्या संगणकावर तासातासाच्या फाइलमध्ये साठवा. 64 केबीपीएसच्या एमपी3मध्ये दिवसाचे 24 तास धरले तरी 90 दिवसांना 65 जीबीच्या आत जागा लागते. तक्रार आली की मंत्रालय हीच फाइल मागतं.