मधलीच्या वाट्याचा वेळ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तीन भावंडांत तू मधली. ताईच्या लग्नाची खरेदी, धाकट्याची दहावी, आणि या गडबडीत तुझा बी.कॉम.चा निकाल कुणी विचारलाच नाही. तू बोललीस तेव्हा आई म्हणाली, "आम्हाला तिघं सारखीच." तुला ते खोटं वाटलं. मला वाटतं आई खरं बोलली, आणि तुझं दुखणंही तितकंच खरं आहे. कसं, ते कागदावर मांडून बघ.

तीन-तीन वर्षांच्या अंतराची तीन भावंडं धर. प्रत्येक जण 18 वर्षांचं होईपर्यंत घरी आहे, आणि आईबाबा आपला वेळ घरात असतील तेवढ्या मुलांत रोज अगदी सारखा वाटतात. थोरलीला पहिली 3 वर्षं सगळा वेळ, पुढची 3 वर्षं अर्धा, मग 12 वर्षं एक तृतीयांश. बेरीज 8.5 वर्षं. धाकट्याचीही 8.5 भरते, कारण मोठ्या दोघी बाहेर पडल्यावर शेवटची 3 वर्षं तो एकटाच असतो. मधलीला असा एकटीचा काळ मिळतच नाही. तिची बेरीज 1.5 अधिक 4 अधिक 1.5, म्हणजे 7. मानसशास्त्रज्ञ राल्फ हर्टविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली हाच मुद्दा मांडला होता: रोजचं वाटप समान असलं तरी मधल्याच्या पदरात एकूण कमी पडतं.

म्हणून "तुमचं माझ्यावर प्रेम नाही" असं बोलू नकोस. ते लगेच नाकारतील आणि बोलणं तिथेच संपेल. "मला तुमच्याबरोबर एकटीला वेळ मिळत नाही" हे कुणाला खोडता येत नाही, शिवाय ते भरूनही काढता येतं.

"मधली मुलं अशीच असतात, समजूतदार, मागे राहणारी" हे मात्र मनावर घेऊ नकोस. जन्मक्रमाने स्वभाव घडतो ही कल्पना व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी रुजवली. 2015 मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 20,000हून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा बोलकेपणाशी, शांतपणाशी किंवा समजूतदारपणाशी काही संबंध दिसला नाही. तुला लागलेली सवय वेगळी आहे. "चालेल", "मला काही नको", "ताईची जुनी गाडी आहे की" असं तू म्हणतेस, त्याबद्दल कौतुक होतं, आणि हिला काही लागत नाही असं घर धरून चालतं.

आता काम. दोन आठवडे एक वही ठेव. झोपण्याआधी पाच मिनिटं, तीन रकाने. काय घडलं. मला नेमकं काय हवं होतं: वेळ, पैसे, निर्णयात विचारणं की शाबासकी. आणि मी ते तोंडाने मागितलं होतं का. तिसरा रकाना भरायला जिवावर येतं, पण खरं तिथेच कळतं. तिथे "नाही" जास्त आले तर आधी मागायला शीक. मागूनही मिळालं नसेल, तर बोलायचा मुद्दा तोच. ही वही आईबाबांसमोर उघडू नकोस. पुरावे काढले की घराचं कोर्ट होतं, आणि मग प्रत्येक जण आपली बाजू मांडत बसतो.

दुसरी मुलगी आणि तिच्यानंतर मुलगा, ही गोष्ट वरच्या गणितात बसत नाही. त्यासाठी वही पुन्हा वाच. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासची फी भावासाठी न विचारता भरली जाते आणि तुम्हा दोघी बहिणींना "बघू" ऐकावं लागतं, असं दिसलं तर प्रश्न मधलेपणाचा नाही. तो मुलगा-मुलीचा आहे, आणि त्यात ताई तुझ्या बाजूची आहे. तिच्याशी आधी बोल, लग्नाची धावपळ वाढण्यापूर्वी. मग दोघींनी मिळून एकच ठोस मागणी ठेवा: कोणता कोर्स, किती फी, कोणत्या तारखेपर्यंत. मोघम मागणीला "बघू" म्हणणं फार सोपं असतं.

वेळ मागतानाही तसंच. दोघांना एकत्र नको, एकेकाला गाठ. जेवणाच्या ताटावर नको, तिथे धाकटा मध्ये बोलणारच. तीन वाक्यं पुरेत: "बाबा, निकाल लागला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मला वाईट वाटलं. रविवारी सकाळी पोहे-जिलबी खायला आपण दोघंच जाऊ या?" "नेहमी", "कधीच" आणि भावंडांची नावं या तीन वाक्यांत येऊ देऊ नकोस. त्यातला एक शब्द आला की बाबा तुझं ऐकायचं सोडून हिशेब द्यायला लागतील. आईला घराबाहेर काढणं अवघड असेल, तर सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला तिच्याबरोबर तू जा. जाता-येता रिक्षात जे बोलणं होतं, ते ओट्यापाशी होत नाही. तिला तुझ्या जन्माच्या वेळचं विचार. दुसऱ्या मुलाचे फोटो बहुतेक घरांत कमीच असतात, पण आयांच्या लक्षात पुष्कळ असतं.

झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा जगणं नको वाटलं, तर वही बाजूला ठेव आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 या नंबरवर फोन कर. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास.

पहिल्या महिन्यात एखादा रविवार बुडेलच. मांडववाला येईल, धाकट्याची टेस्ट निघेल. त्या वेळी "जाऊ दे" म्हणू नकोस, रुसूही नकोस. त्याच दिवशी बाबांना विचार, "मग बुधवारी संध्याकाळी?" आणि दिवस ठरल्याशिवाय खोलीतून हलू नकोस. काय ठरलं ते मला कळव.

आशीर्वाद.