‘हत्यार’ ही ओळ आधी खोड

अमळनेर

अनेक आशीर्वाद.

युद्धातल्या लैंगिक हिंसेवरच्या तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला. पहिलीच ओळ : ‘युद्धात बलात्कार हत्यार म्हणून वापरला जातो.’ ती खोड. खोटी आहे म्हणून नव्हे. रुवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी अकायेसू या स्थानिक प्रमुखाच्या खटल्यात बलात्काराला वंशसंहाराचं कृत्य ठरवलंच आहे. पण ही ओळ लिहून ठेवली की पुढे शोधायला काही उरत नाही. अभ्यासकाला पडणारा प्रश्न असा : युद्ध तेच, मुलूख तोच, मग एक फौज हे करते आणि दुसरी का करत नाही?

राज्यशास्त्रज्ञ एलिझाबेथ जीन वुड यांनी हाच प्रश्न धरला. श्रीलंकेतल्या तमिळ टायगर्सनी आत्मघाती हल्ले केले, उत्तरेतून मुसलमानांना हुसकलं, लहान मुलं फौजेत ओढली. तरी सामान्य लोकांवर त्यांच्याकडून झालेले बलात्कार फार थोडे. त्यामुळे ‘युद्ध म्हटलं की हे आलंच’ हे उत्तर टिकत नाही. वुड यांनी आणखी एक भेद केला, तो नीट समजून घे. कधी वरून हुकूम असतो, कधी एकटादुकटा शिपाई संधी साधतो. तिसरा प्रकार प्रथेचा : हुकूम नाही, पण शिक्षाही नाही. शिक्षा करायची तर माणसं दुखावतात, पळतात; म्हणून अधिकारी डोळेझाक करतो. कागदावर हुकूम सापडला नाही की नवे विद्यार्थी सरळ ‘संधी’च्या खान्यात टाकतात आणि चुकतात.

राज्यशास्त्रज्ञच असलेल्या डारा के कोहेन यांनी १९८० ते २०१२ मधली ९१ यादवी युद्धं तपासली. वांशिक द्वेषाने किंवा स्त्रियांच्या हलाखीने फरक उलगडेना. उलगडला तो भरतीवरून. पळवून, धाकाने आणलेली अनोळखी पोरं एकत्र बांधायची, तर सामूहिक बलात्कार हा त्यांना जोडणारा प्रकार ठरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये अशा कृत्यांत बंडखोर फौजेतल्या स्त्रियाही सामील होत्या. ‘पुरुषी वासना’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता आकडे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘काँगोत तासाला ४८ बलात्कार’ हे तूही उतरवलंयस. तो आकडा २०११ च्या एका निबंधातून आला. २००७ च्या घरोघरच्या आरोग्य पाहणीवरून १५ ते ४९ वयाच्या, बारा महिन्यांत बलात्कार झालेल्या स्त्रियांचा अंदाज काढला होता : ४,०७,३९७ ते ४,३३,७८५. त्यांच्या मधल्या आकड्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी भागलं की ४८ येतात. पण हे सगळं सैनिकांनी केलं असं त्यात कुठेच नाही; उलट नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून कधी ना कधी लैंगिक हिंसा सोसलेल्यांचा आकडा तिथे तीस लाखांवर आहे. कोणताही आकडा उचलताना तीन गोष्टी लिहून ठेव : व्याख्या काय, मुदत किती, कोणाला विचारलं.

विचारणं तर फारच अवघड. खान्देशात ओट्यावर बसून बाईला प्रश्न विचारला की सासू, जाऊ, शेजारीण आधी कान देतात. ‘तिन्हासंगे वाईट व्हयनं’ (तिच्यासोबत वाईट झालं) एवढंच अहिराणीत कानावर येईल, आणि त्यात छेडछाडीपासून खुनापर्यंत काहीही बसतं. म्हणून काही अभ्यासक यादीची युक्ती वापरतात. सराव हुंड्यावर कर, हिंसेवर नको. निम्म्या घरांना चार वाक्यं दे : यंदा कापूस लावला, घरातलं कुणी सुरतेला कामाला आहे, घरचा ट्रॅक्टर आहे, कुणी परदेशी जाऊन आलं. उरलेल्यांना हीच चार, वर पाचवं : लग्नात हुंडा दिला किंवा घेतला. कोणतं लागू ते सांगायचं नाही, किती लागू तेवढंच. समज, पहिल्यांची सरासरी १.६ आली आणि दुसऱ्यांची २.१, तर निम्म्या घरांत हुंडा आहे. कुठल्या घरात, ते तुलाही कळत नाही. चारही वाक्यं सगळ्यांना लागू पडणारी घेतलीस तर ‘पाच’ म्हणणारा उघडा पडतो. म्हणून एक सर्रास, एक दुर्मीळ असं मिसळ. घरं कोणत्या यादीत जातील ते चिठ्ठ्या टाकून ठरव, गल्लीवार वाटू नकोस. शंभर घरांत हे भागत नाही, नमुना हजाराच्या आसपास लागतो. श्रीलंकेत याच युक्तीने युद्धात लैंगिक हिंसा सोसलेल्यांचं प्रमाण सुमारे १३ टक्के आलं, थेट विचारल्यापेक्षा सुमारे दहापट.

पीडितांना भेटायचा हट्ट मात्र सोड. १९७१ च्या युद्धात बलात्कार सोसलेल्या बांगलादेशी स्त्रियांना सरकारने ‘बीरांगना’ म्हटलं; पण १९९२ मध्ये कुष्टियाच्या काही जणींना ढाक्याच्या गणअदालतीत (लोकांनी भरवलेल्या प्रतीकात्मक न्यायालयात) उभं केलं, फोटो छापून आले आणि गावी परतल्यावर त्यांच्या वाट्याला टोमणे आले. पुढे समुपदेशक आणि दवाखाना हाताशी नसेल, तर प्रश्न विचारायचाच नाही. ज्या जबान्या आधीच नोंदल्यात, त्यांच्यावर काम कर.

तुझ्यासाठी कोहेन आणि राग्निल नूर्डोस यांची युद्धातल्या लैंगिक हिंसेची आकडेसारणी पुरेशी आहे. १९८९ पासूनचे संघर्ष, दर गटाला दर वर्षी ० ते ३ गुण (हिंसा जितकी व्यापक तितके जास्त), आणि तीन उगम : अमेरिकेचं परराष्ट्र खातं, अ‍ॅम्नेस्टी, ह्युमन राइट्स वॉच (शेवटच्या दोन मानवी हक्कांच्या संस्था) यांचे अहवाल. फुकट मिळते, एक्सेलमध्ये उघडते. ० चा अर्थ ‘अहवालात नाही’, ‘घडलं नाही’ असा नव्हे. जिथे पत्रकार पोचत नाहीत तिथे शून्यं फार दिसतील.

एकाच युद्धातले दोन गट निवड. मूळ अहवाल वाचून पहिल्या वीस नोंदींना तू आणि तुझ्या सोबत्याने एकमेकांना न दाखवता गुण द्या. जिथे जुळणार नाहीत ती पानं दिवाळीआधी पाठव.