वाचकांचे प्रश्न : लिंकर अडला की फाइलच्या आत काय पाहावे?

(कमांडची नावे इथे देवनागरीत छापली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

प्रश्न : एनएम (फाइलमधली फंक्शनांची नावे दाखवणारी कमांड) चालवले की आमच्या डॉट ए (स्टॅटिक) लायब्ररीत ‘अ‍ॅड’ हे फंक्शन दिसते. तरीही लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडून बसतो. असे का?

उत्तर : नाव दिसले म्हणजे फंक्शन तिथे आहेच असे नाही. एनएमच्या ओळीत नावाआधी एक अक्षर असते, सगळी गोम त्यात आहे. कॅपिटल टी म्हणजे कोड याच फाइलमध्ये आहे आणि इतर फाइलींनाही तो वापरता येतो. स्मॉल टी म्हणजे कोड आहे, पण बहुधा स्टॅटिक असल्यामुळे फाइलबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. यू म्हणजे ही फाइल स्वतःच ते फंक्शन दुसरीकडून मागते आहे. डॉट ए ही अनेक ऑब्जेक्ट (म्हणजे कंपाइल झालेल्या) फाइलींची मोट असते, त्यामुळे तेच नाव एका फाइलीत यू आणि दुसरीत टी असू शकते. ग्रेप (हव्या त्या ओळी गाळून देणारी कमांड) लावल्यावर कोणती ओळ कोणत्या फाइलीची हे कळत नाही. म्हणून ‘एनएम --प्रिंट-फाइल-नेम’ चालवा, म्हणजे प्रत्येक ओळीवर फाइलचे नाव येते.

कॅपिटल टी सापडला तर दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, नाव खरोखर तेच आहे का. सी प्लस प्लसमध्ये दोन इंट घेणाऱ्या अ‍ॅडचे नाव ऑब्जेक्ट फाइलमध्ये ‘अंडरस्कोर झेड 3 अ‍ॅड आय आय’ असे होते. 3 ही मूळ नावाची अक्षरसंख्या, आणि प्रत्येक आय म्हणजे एक इंट. सी कंपाइलर मात्र नुसते ‘अ‍ॅड’ लिहितो. एनएमला ‘--डिमँगल’ दिल्यावर सी प्लस प्लसचे नाव कंसातल्या प्रकारांसह दिसते, सीचे कंसाशिवाय. मागणारी फाइल कंसासह मागत असेल आणि लायब्ररीत नाव कंसाशिवाय असेल, तर हेडरमध्ये ‘एक्स्टर्न सी’ (नाव सीच्या पद्धतीने ठेव, असे कंपाइलरला सांगणारी खूण) राहून गेले आहे. तसेच स्ट्रिंग घेणाऱ्या फंक्शनच्या नावात एका बाजूला ‘सीएक्सएक्स11’ असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर दोन्ही भाग वेगवेगळ्या एबीआयने (कंपाइल झालेले भाग एकमेकांशी जुळण्याच्या नियमांनी) कंपाइल झाले आहेत. जीसीसी कंपाइलरच्या 5 व्या आवृत्तीपासून स्ट्रिंगची रचना बदलली, त्याचा हा परिणाम. दोन्ही भाग एकाच सेटिंगने पुन्हा कंपाइल करणे हाच सरळ उपाय.

दुसरी गोष्ट क्रम. ग्नू लिंकर फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो आणि डॉट ए मधून त्या क्षणापर्यंत मागणी झालेल्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो. लायब्ररी आधी आणि मुख्य ऑब्जेक्ट फाइल नंतर लिहिली, तर लायब्ररी वाचताना कोणी काही मागितलेलेच नसते. लायब्ररी शेवटी टाका. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर त्यांना ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’ यांच्यामध्ये ठेवा.

प्रश्न : डॉट एसओ (शेअर्ड लायब्ररी) फाइलवर एनएम ‘नो सिम्बॉल्स’ म्हणते. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : नाही. स्ट्रिप या कमांडने सिमटॅब हा नावांचा तक्ता काढून टाकला आहे. रनटाइमला लागणारा डिनसिम हा तक्ता शिल्लक असतोच. तो ‘एनएम --डायनॅमिक’ने वाचा.

प्रश्न : नव्या मशीनवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुन्या सर्व्हरवर ‘जीलिबसी 2.34 सापडले नाही’ म्हणतो. आम्ही तर एकही नवे फंक्शन वापरलेले नाही.

उत्तर : जीलिबसी किंवा नुसते लिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी. तुम्ही वापरले नसले तरी तुमच्या नावावर तिचे नवे फंक्शन लागले आहे. प्रोग्रॅमच्या फाइलवर ‘ऑब्जडम्प --डायनॅमिक-सिम्स’ चालवून त्यातून 2.34 ग्रेप करा. बहुधा ‘लिबसी स्टार्ट मेन’ सापडेल. मेनच्या आधी चालणारा हा भाग प्रत्येक सामान्य प्रोग्रॅममध्ये असतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 2.34 मध्ये त्याला नवी आवृत्ती मिळाली. त्याच वेळी पीथ्रेडची (थ्रेड हाताळणारी) वेगळी लायब्ररी मुख्य लिबसीत मिसळली, म्हणून थ्रेड वापरणाऱ्यांना ‘पीथ्रेड क्रिएट’ही त्या यादीत दिसते.

नवी लिबसी उचलून जुन्या सर्व्हरवर चिकटवू नका. लोडर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी मेमरीत आणणारा भाग) आणि लिबसी एकमेकांच्या जोडीनेच चालतात, आणि सिस्टिममधली फाइल बदलली तर साधे एलएसही चालेनासे होऊ शकते. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालवायचा आहे तिच्या कंटेनरमध्ये कंपाइल करा. स्टॅटिक लिंकिंगही करता येते, पण होस्टचे नाव शोधणारी फंक्शने तशीही रनटाइमला जीलिबसीच्या शेअर्ड लायब्ररी मागतात.

प्रश्न : अनोळखी फाइलला कोणत्या लायब्ररी लागतात हे पाहायला एलडीडी चालेल का?

उत्तर : अनोळखी फाइलवर कधीच नाही. काही परिस्थितींत एलडीडी तो प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवते, म्हणजे पाहायला गेलात आणि त्याचा कोड तुमच्या अधिकारांनी चालला. ‘ऑब्जडम्प --प्रायव्हेट-हेडर्स’ किंवा ‘रीडएल्फ --डायनॅमिक’ काहीही न चालवता ‘नीडेड’च्या ओळी दाखवतात. त्यात फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररी येतात. त्या लायब्ररींना पुढे काय लागते ते हवे असेल तर प्रत्येकीवर तीच कमांड पुन्हा चालवावी लागते. त्याच यादीत ‘रनपाथ’ (लायब्ररी कुठे शोधायच्या हे सांगणारा, फाइलमध्येच लिहिलेला मार्ग) दिसला तर लक्षात घ्या : तो थेट अवलंबनांपुरताच लागू होतो. जुना ‘आरपाथ’ मात्र पुढच्या पातळ्यांवरही शोधला जातो आणि ‘एलडी लायब्ररी पाथ’ या एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलच्याही आधी पाहिला जातो.