अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यावेत का? शिष्यवृत्ती पुरेशी नाही का?

द्यायलाच हवेत, आणि आता ते मिळूही लागलेत. फुटबॉल (त्यांचा, हातात चेंडू घेऊन पळायचा) आणि बास्केटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांतून मोठी विद्यापीठं कोट्यवधी डॉलर कमावतात. तिथल्या अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी म्हणजे चक्क विद्यापीठाचा प्रशिक्षक! गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांना मात्र वर्षानुवर्षं फक्त फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च. जून २०२१ मध्ये खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणविषयक लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेविरुद्ध ९-० असा निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. फक्त सगळ्या खेळांना एकच माप लावू नका. पोहणं, कुस्ती, टेनिस हे खेळ अनेक मोठ्या विद्यापीठांत बऱ्याच अंशी फुटबॉलच्या कमाईवर पोसले जातात. तो पैसा पगारात गेला की कात्री आधी यांच्यावर चालते.