लाकडाचे माप, जळणाची ओल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बांधावरचा साग कोल्हापुरातील एका वखारीला घनफुटाच्या भावाने दिला. वखारवाल्याने ओंडक्याचा घेर दोरीने घेतला, त्याची चौथाई काढली आणि त्यावरून हिशेब केला. माझ्या मुलाने शाळेतल्या सूत्राने आकडेमोड केली, तेव्हा लाकूड बरेच जास्त भरले. ही फसवणूक समजावी काय?
— एक शेतकरी, आजरा तालुका

उत्तर : आपल्या मुलाचे गणित बरोबर आहे आणि वखारवाल्यानेही रीत सोडलेली नाही. घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्यास लांबीने गुणण्याची ही पद्धत इंग्रजी अमलापासून आपल्याकडे चालत आली आहे. ओंडका 10 फूट लांब आणि घेर 4 फूट असेल, तर चौथाई 1 फूट येते आणि माप 10 घनफूट होते. वर्तुळाच्या सूत्राने तेच लाकूड सुमारे 12.7 घनफूट भरते. म्हणजे प्रत्यक्षातील लाकडापैकी साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मापात येते. साल, कडेच्या ढलप्या आणि करवतीच्या भुशात जाणारा भाग यांची सूट खरेदीदाराला अशी आधीच मिळालेली असते, आणि बाजारातला भावही ही सूट गृहीत धरूनच बोलला जातो. त्यामुळे दोन वखारींचे भाव ताडून पाहताना दोघांचे माप एकच आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे.

शेतकऱ्याचे खरे नुकसान होते ते दोरी कुठे गुंडाळली जाते यावर. घेर ओंडक्याच्या मध्यावर घ्यायचा असतो. तो शेंड्याकडे सरकवून 4 फुटांऐवजी साडेतीन फूट धरला, तर चौथाईचा वर्ग होत असल्यामुळे 10 घनफुटांचे साडेसातच्या थोडे वर उरतात; अर्ध्या फुटाच्या फरकात जवळजवळ पाव माल हातचा गेला. लांब ओंडका बुंध्याकडे फारच जाड असेल, तर त्याचे दोन तुकडे धरून प्रत्येकाचे माप स्वतंत्र घ्यावयास लावावे. माप सालीसकट की साल काढून, हे सौद्याच्या वेळीच ठरवावे, आणि दोरी ताणली जाते म्हणून पोलादी टेप आपण स्वतः घेऊन जावा. त्यात कोणी अविश्वास मानण्याचे कारण नाही.

चिरलेल्या फळीचा हिशेब मात्र वेगळा असतो. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून 144 ने भागायचे. इथे सूट कसलीच नसते. ओंडक्याचा घनफूट आणि फळीचा घनफूट यांचे भाव शेजारी ठेवून वखारवाल्याला नफेखोर ठरविणारी पत्रे आमच्याकडे अधूनमधून येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. शिवाय, वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या 1964 च्या राज्य कायद्यानुसार सागाची तोड स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय करता येत नाही. ते कागद नसले की माणूस घाईने विकतो आणि समोरचा भाव पाडून मागतो.

प्रश्न : आमच्या खानावळीत मटण आणि दोन्ही रस्से चुलीवरच होतात. पावसाळ्यात वखारीतून घेतलेले जळण धूर फार करते आणि भांडी काळी पडतात. ते थोडे स्वस्त मिळते, तर घ्यावे की नाही?
— एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : जळण वजनावर विकले जाते, आणि लाकडातले पाणीही त्याच काट्यावर चढते. शंभर किलो जळणात 40 टक्के पाणी असेल, तर लाकूड 60 किलोच आहे. तेच जळण वाळून पाणी 20 टक्क्यांवर आले की वजन 75 किलो भरते. म्हणून ओल्या जळणाचा भाव वाळलेल्याच्या तीन-चतुर्थांशांहून जास्त असेल, तर ते स्वस्त नव्हेच. त्यावर चुलीतली आच आधी पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, जाळ थंड राहतो आणि लाकडातून निघालेला वायू पुरता न जळता धूर आणि काजळी होऊन भांड्याला बसतो. जवळच्या गुऱ्हाळावर पाहिलेत तर ध्यानात येईल की घाण्यातून निघालेले चिपाड तसेच चुलवाणात कोणी सारत नाही. आधी उन्हात पसरतात.

पारख अशी करावी. वाळलेल्या लाकडाच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतात, साल सुटू लागते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बसका असतो. शंका राहिलीच, तर एक ढलपी मधोमध फोडून आतला एक किलोचा तुकडा तोलावा आणि चुलीच्या कडेला ठेवून वजन उतरायचे थांबेपर्यंत रोज तोलत राहावे. सहाशे ग्रॅमवर थांबला, तर बाकी चारशे ग्रॅमचे पैसे आपण पाण्याला दिलेत.

जळणाची खरेदी पावसाळ्यात करूच नये. जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावे, लगेच फोडून घ्यावे आणि मेअखेरपर्यंत वाळू द्यावे. सालीतून पाणी फारसे निघत नाही. ते कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगांतून निघते, म्हणून अख्खे गोल लाकूड वर्षभर ठेवूनही आतून ओलेच राहते. रास दगडांवर किंवा विटांवर रचावी, ढलप्यांमध्ये वारा खेळू द्यावा, वर पत्रा घालावा आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. चारी अंगांनी ताडपत्री गुंडाळणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे; आत कोंडलेल्या ओलीने जळणाला बुरशी येते.

प्रश्न : कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आमच्याकडे ती रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी घट्ट होते, पण पुन्हा सैल होते. उपाय काय?
— जळण फोडणारा एक कामगार, कागल

उत्तर : पाण्यात ठेवणे बंद करावे. दांडा फुगतो, पण लोखंडाचे नेढे फुगत नाही. त्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चेपतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा बारीक होतो. दांडा पूर्ण वाळलेल्या बाभळीचा आणि सरळ तंतूंचा घ्यावा, नेढ्यात जाणारे टोक मधोमध चिरून वरून कठीण लाकडाची पाचर ठोकावी. सैल कुऱ्हाड घेऊन काम करू नये, कारण पाते निसटून शेजारी उभ्या माणसाला लागते. गाठीचा बुंधा फोडताना कुऱ्हाडीचा हट्ट न धरता लोखंडी पाचर आणि घण वापरावा, आणि घाव मध्यावर घालण्याऐवजी कडेपासून आत यावे.

प्रश्न : नवी हातकरवत ओल्या निलगिरीत अडकते. धार तर चांगली आहे.
— सुतारकाम शिकणारा विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : धार असून करवत अडकते, तेव्हा दातांचे वळण तपासावे. दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकविलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते मोकळे चालते. ओल्या लाकडाचे तंतू चिरीत फुगून येतात, तेव्हा त्यासाठी हे वळण वाळलेल्या लाकडापेक्षा थोडे जास्त लागते. वाकवायचा तो दाताचा वरचा अर्धा भागच. मुळापासून वाकविलात तर दात तुटेल. वळण दिल्यावर तीनधारी कानशीने पुन्हा धार लावावी. लांब फळी चिरताना मागच्या चिरीत एक लहान पाचर सरकवून ठेवावी.