स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला चित्रकार्डे दिल्यास त्याचे बोलणे मागे पडते का?

नाशिकच्या सिडको भागातील आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला वाचा उपचारात चित्रकार्डे सुचवली आहेत आणि त्यामुळे तो बोलण्याचा आळस करील, अशी भीती घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, असे आपण लिहिले आहे. ही भीती स्वाभाविक असली तरी आजवरच्या अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही; उलट काही मुलांचे बोलणे कार्डांमुळे थोडे वाढतेच.

अमेरिकेत १९८५ मध्ये विकसित झालेल्या चित्र-देवाणघेवाण पद्धतीत मूल हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हातात देते आणि ती वस्तू त्याला तत्काळ मिळते, त्यामुळे आपण काही सांगितले की माणसे प्रतिसाद देतात, हे संवादाचे मूळ त्याला शब्दांच्या आधीच उमगते. द्राक्षे समोर ठेवून ‘म्हण बघू’ असा आग्रह धरण्यापेक्षा (हा मोह आपल्याकडे फार) कार्ड घेताना आपण स्वतः ‘द्राक्षं’ असे स्पष्ट म्हणावे आणि काही क्षण थांबावे. तो ऐकलेलीच वाक्ये पुन्हा म्हणत असेल, तर रागावू नये, कारण त्यामागेही बहुधा काही मागणे असते.

श्रवण तपासणी झाली नसल्यास ती आधी करून घ्यावी. उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अवश्य पाहावी. खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात उपचारसत्रेही येतात. त्यासाठी अपंगत्व प्रमाणपत्र लागते.